अर्ध्यातून परतणाऱ्याचाही ट्रेक होतो

सेमिस्टरचा शेवटचा पेपर संपला की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, ‘यंदा केदारकांठा करायचा का?’ मग तिकिटं, उसनं जॅकेट, मित्राच्या भावाची सॅक अशी जुळवाजुळव सुरू होते. डेहराडूनपर्यंत रेल्वे, पुढे मोरी, नैटवाड करत जवळपास दोनशे किलोमीटरचा घाटरस्ता आणि मग सांकरी गाव. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे मराठी इतकं ऐकू येतं की क्षणभर आपण लोहगडाच्या पायथ्याशी आहोत असं वाटावं.

यात वाईट काहीच नाही. विशीत बर्फात चालायला मिळणं भारीच आहे. अडचण आहे ती परत आल्यावर विचारल्या जाणाऱ्या पहिल्या प्रश्नात, ‘समिट झालं का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ट्रेक झाला. ‘नाही’ असेल तर घरी बसलेलेही ‘अरेरे, थोडक्यात राहिलं’ म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा प्रश्न बर्फाच्या डोंगरात धोकादायक आहे. तो आपण बदलायला हवा.

आधी उंचीचं बघू. केदारकांठा सुमारे १२,५०० फूट आहे आणि आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो ते सांकरी गावच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो. अशा ठिकाणी डोकं दुखणं, मळमळणं, जेवण नको वाटणं ही थकव्याची नाही, तर उंची बाधल्याची लक्षणं असू शकतात. ती दिसली की आणखी वर जायचं नाही आणि वाढली तर खाली उतरायचं, हा साधा नियम आहे. कोण किती फिट आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही उंची बाधू शकते.

पण समिटचं भूत डोक्यात असलं की पोरं काय करतात? डोकं दुखतंय हे लीडरला सांगतच नाहीत. सांगितलं तर उद्या पहाटे कॅम्पवरच बसवतील ही भीती असते. गुपचूप एक गोळी घ्यायची आणि रांगेत उभं राहायचं. दुखणं लपवणं हीच जिद्द, असं आपणच एकमेकांना शिकवलंय.

दुसरी गोष्ट थंडीची. ‘आम्ही दर रविवारी सह्याद्रीत असतो’ हा आत्मविश्वास चांगलाच आहे. सह्याद्री पाय घडवतो, कातळावर तोल सांभाळायला शिकवतो, ऊन आणि पाऊस झेलायला शिकवतो. बर्फ मात्र तो शिकवू शकत नाही. आपल्याकडे घाम आला तर वाऱ्यावर वाळतो. तिथे चढताना आलेल्या घामानं सुती टीशर्ट भिजला आणि नंतर तुम्ही थांबलात, की तोच ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. सूर्योदय गाठायला सगळे ग्रुप मध्यरात्रीनंतर निघतात. शेवटच्या चढावर गर्दी होते, रांग थबकते आणि घामेजलेली माणसं शून्याखालच्या हवेत नुसती उभी राहतात. कुणी अडखळायला लागलं, बोलणं जड झालं, तर तो झोपेत नाही. त्याचं शरीर गार पडतंय.

अशा वेळी निर्णय गाइडचा असतो. हा गाइड बहुतेकदा सांकरी किंवा आसपासच्या गावातला, आपल्याच वयाचा. आभाळ भरलंय, परत फिरू, असं तो म्हणतो आणि समोरून उत्तर येतं, ‘भाईसाब, पैसे दिये हैं.’ वर नाही नेलं तर रिव्ह्यू खराब आणि नेलं तर जोखीम. आपल्या हट्टाचा भार असा त्याच्या डोक्यावर जातो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, ध्येयच नसेल तर डोंगरात जायचं कशाला? शिखराकडे जरूर जावं. मीही तेच म्हणेन. फक्त शिखर ही दिशा असावी, अट नसावी. दुसरा, आम्ही गेलो नाही तर तिथल्या लोकांनी काय खायचं? हा प्रश्न रास्त आहे. खेचरवाले, स्वयंपाकी, होमस्टेवाले यांचा हिवाळा या पर्यटनावर चालतो. पण सगळ्यांनी नाताळ ते नववर्ष याच आठवड्यात जाण्यानं त्यांचं भलं होतं असंही नाही. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्याल, म्हणजे उंचावरची कुरणं, इथे रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि पर्यटकांची संख्या दोनशेवर मर्यादित करायला सांगितलं. गर्दी डोंगराला झेपत नाही, म्हणूनच ना? कडाक्याच्या थंडीत मानवी मैला कुजत नाही. तो बर्फाखाली तसाच राहतो आणि बर्फ वितळला की ओढ्यांमधून खाली उतरतो. खाली सुपीन नदी आहे, तिच्या काठाला गावं आहेत.

शिखराच्या घाईत आणखी एक गोष्ट हातची जाते, ती म्हणजे जंगल. हा सगळा भाग गोविंद पशु विहार अभयारण्याचा आहे. देवदार, पाइन, ओक यांच्या दाट रानातून वाट जाते. ताजा बर्फ आवाज शोषून घेतो, त्यामुळे तिथली शांतता वेगळीच असते. सूचिपर्णी झाडांच्या उतरत्या फांद्या बर्फाचं ओझं कसं खाली सोडून देतात, हे उभं राहून बघण्यासारखं आहे. सकाळच्या कोऱ्या बर्फावर रात्री कोण येऊन गेलं ते ठशांवरून कळतं. हे सगळं आपण ब्लूटूथ स्पीकर लावून पार करतो. एखाद्या वर्षी बर्फ कमी पडला की ‘पैसे वाया गेले’ म्हणून चिडतो. तिथल्या शेतकऱ्याचं काय होत असेल? पुरेशी थंडी मिळाली नाही तर त्याच्या सफरचंदाला नीट बहरच येत नाही.

म्हणून यंदा बुकिंग करताना ‘किती रुपये?’च्या आधी दुसरे प्रश्न विचारा. किती वाजता, कुठूनही, परत फिरायचं हे ठरलंय का? हवा बिघडली तर हाताशी एक जास्तीचा दिवस आहे का? कुणाला उंची बाधली तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार? कचरा आणि मैल्याचं काय करता? उत्तरं गुळमुळीत आली तर तो ग्रुप सोडा. जमलं तर जानेवारी-फेब्रुवारीतली तारीख निवडा. आणि बर्फाचं खरंच वेड लागलं असेल तर तो शिकायला जा. उत्तरकाशीला १९६५ पासून नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला आणि गुलमर्गलाही सरकारी संस्था आहेत. तिथे बर्फावर चालण्याआधी पडल्यावर स्वतःला थांबवायचं कसं हे शिकवतात.

आणि ग्रुपमधलं कुणी अर्ध्यातून परत आलं, तर ‘तुझं राहिलंच की’ असं म्हणू नका. अंधारात, सगळ्यांसमोर ‘मला बरं वाटत नाहीये, मी उतरतो’ असं म्हणायला चढण्याहून जास्त हिंमत लागते. त्याला चहा पाजा आणि विचारा, ‘काय काय पाहिलंस?’