विश्लेषण : विमानाच्या शेपटीला लटकलेला स्कायडायव्हर वाचला कसा? संकटात पॅराशूटचा हार्नेस काय करतो?

ऑस्ट्रेलियात १५ हजार फुटांवर विमानाच्या शेपटीत पॅराशूट अडकून एक स्कायडायव्हर लटकल्याची चित्रफीत डिसेंबर २०२५ मध्ये जगभर पाहिली गेली. त्याच सुमारास या घटनेचा चौकशी अहवालही जाहीर झाला. स्कायडायव्हर किरकोळ दुखापतीवर बचावला. त्याला वाचवणारे साधन बाळगणे नियमाने सक्तीचे नव्हते, ते त्याने स्वतःहून जवळ ठेवले होते. हार्नेसवर स्वतःला बांधून घेणाऱ्या प्रत्येकाने, भारतातील हौशी पर्यटकांनीही, या घटनेतून काय शिकावे?

नेमके काय घडले?

२० सप्टेंबर २०२५ रोजी क्वीन्सलँड राज्याच्या उत्तर भागातील टली येथून सेसना कॅरॅव्हॅन विमान उडाले. विमानात वैमानिक आणि १७ स्कायडायव्हर होते. त्यांपैकी १६ जण हवेत एकत्र येऊन रचना करणार होते आणि एक जण चित्रीकरण करणार होता. १५ हजार फुटांवर, म्हणजे सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवर, पहिला स्कायडायव्हर दारातून बाहेर येत असताना त्याच्या राखीव पॅराशूटची मूठ विमानाच्या पंखाच्या फ्लॅपमध्ये अडकली आणि ओढली गेली.

राखीव पॅराशूट तत्क्षणी उघडले. त्या झटक्याने तो मागे खेचला गेला. त्याच्या धक्क्याने चित्रीकरण करणारा सहकारी विमानातून बाहेर फेकला गेला. स्कायडायव्हरचे पाय शेपटीच्या आडव्या पंखावर आदळले, पॅराशूट त्याच पंखाभोवती गुंडाळले गेले आणि तो खाली लटकू लागला. १३ जणांनी उड्या घेतल्या, तर दोघे दारातून त्याच्याकडे पाहत थांबले. त्याने जवळचा ‘हुक नाइफ’ काढून राखीव पॅराशूटच्या ११ दोऱ्या कापल्या. उरलेले कापड फाटले आणि तो सुटला. त्यानंतर त्याने मुख्य पॅराशूट उघडले. राखीव पॅराशूटच्या काही दोऱ्या त्याला गुंतल्या होत्या, तरीही ते पूर्ण फुलले. शेपटीचे मोठे नुकसान झालेले विमान वैमानिकाने ‘मेडे’चा संदेश देऊन टलीलाच सुखरूप उतरवले.

हार्नेसची रचना कशी असते?

स्कायडायव्हिंगमध्ये पॅराशूट पाठीवरच्या पिशवीत असते, एवढे सर्वांना माहीत असते. पण माणूस त्या पिशवीला नव्हे, हार्नेसला बांधलेला असतो. दोन मांड्यांभोवती दोन पट्टे, छातीवर एक आडवा पट्टा आणि खांद्यांवरून खाली येणारे मुख्य पट्टे मिळून हार्नेस तयार होतो. पॅराशूट उघडल्यावर शरीराचा भार मुख्यतः मांड्यांच्या पट्ट्यांवर येतो. छातीचा पट्टा खांद्यांचे पट्टे बाजूला सरकू देत नाही. मांडीचा पट्टा सैल राहिला, तर पॅराशूट उत्तम असूनही माणूस हार्नेसमधून निसटू शकतो.

पुण्याच्या स्कायडायव्हर पद्मश्री शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी घेतली, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले होते. पण काष्टा घातलेल्या नऊवारीवर मांड्यांचे पट्टे बांधता येतात, गोल साडीवर ते शक्य नाही. पोशाख कोणताही असो, पट्टे अंगाला घट्ट बसलेच पाहिजेत.

पाठीवरच्या पिशवीत दोन पॅराशूट असतात, मुख्य आणि राखीव. छातीच्या दोन बाजूंना दोन मुठी असतात. साधारणपणे उजवीकडची मूठ बिघडलेले मुख्य पॅराशूट सोडून देण्यासाठी आणि डावीकडची राखीव पॅराशूट उघडण्यासाठी असते. क्रमही ठरलेला असतो. आधी मुख्य सोडायचे, मग राखीव उघडायचे. मुख्य वर फडफडत असतानाच राखीव उघडले, तर दोन्ही एकमेकांत गुंतण्याचा धोका असतो.

तीन कड्यांची युक्ती काय आहे?

मुख्य पॅराशूट सोडणे पूर्वी इतके सोपे नव्हते. दोन्ही खांद्यांवरच्या कड्या वेगवेगळ्या उघडाव्या लागत. १९७० च्या दशकात अमेरिकेतील बिल बूथ यांनी ‘थ्री-रिंग रिलीज’ ही रचना तयार केली. मोठी, मधली आणि लहान अशा तीन कड्या एकमेकींत ओवलेल्या असतात आणि शेवटची लहान कडी एका दोरीच्या फासाने धरून ठेवलेली असते. त्या फासातून एक लवचिक केबल जाते.

यामागचे तत्त्व तरफेचे आहे. मोठ्या कडीवर माणसाचा सगळा भार असतो, पण प्रत्येक कडीगणिक तो घटत जातो. शेवटच्या फासावर त्याचा अगदी लहान हिस्सा उरतो. त्यामुळे मूठ ओढून केबल काढली की फास सुटतो, कड्या एकामागून एक उलटतात आणि दोन्ही खांद्यांवरून मुख्य पॅराशूट सुटते. हे काम एका हाताने होते. आजही जगभर हीच पद्धत वापरली जाते.

मग टलीच्या घटनेत ही युक्ती का चालली नाही?

कारण तीन कड्या फक्त मुख्य पॅराशूटला असतात. राखीव पॅराशूट हा शेवटचा आधार असल्याने ते चुकूनही सुटता कामा नये, म्हणून ते हार्नेसला कायमचे जोडलेले असते. ते सोडणारी मूठच नसते. टलीत विमानाला अडकले होते ते राखीव पॅराशूट. उजवी मूठ ओढली असती, तर अद्याप न उघडलेले मुख्य पॅराशूट हातचे गेले असते आणि तो विमानाला तसाच लटकत राहिला असता.

म्हणून दोऱ्या कापण्याखेरीज मार्ग नव्हता. हुक नाइफ हा आकड्यासारखा वाकवलेला लहान चाकू असतो. त्याची धार आकड्याच्या आतल्या बाजूला असल्याने दोरी त्यात अडकवून ओढली की कापली जाते आणि अंगाला किंवा हार्नेसला इजा होण्याची शक्यता कमी असते. ऑस्ट्रेलियन ट्रान्सपोर्ट सेफ्टी ब्युरोने नेमके यावरच बोट ठेवले. असा चाकू बाळगणे बंधनकारक नसले, तरी अशा प्रसंगी तो जीव वाचवू शकतो, असे या संस्थेने म्हटले आहे. दारातून बाहेर पडताना आपल्या मुठींकडे लक्ष ठेवण्याचाही इशारा तिने दिला आहे.

संकटात हाताशी किती वेळ असतो?

पोटावर आडवा पडणारा स्कायडायव्हर ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने खाली येतो. म्हणजे सेकंदाला ५० मीटरहून अधिक. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या सूचनेनुसार मुख्य पॅराशूट सोडायचे की नाही, हा निर्णय विद्यार्थ्याने अडीच हजार फुटांपर्यंत आणि अनुभवी स्कायडायव्हरने १,८०० फुटांपर्यंत घ्यायचा असतो. काहीच उघडले नसेल, तर १,८०० फुटांवरून जमीन जेमतेम दहा सेकंदांवर असते.

म्हणूनच दोन साधने मदतीला असतात. मुख्य पॅराशूट सुटताच एक पट्टी आपोआप राखीव पॅराशूट उघडते. दुसरे साधन इलेक्ट्रॉनिक आहे. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या ‘सायप्रेस’ या जर्मन उपकरणाने ते जगभर रुळवले. ठरावीक उंचीच्या खाली आल्यावरही वेग कमी झालेला नसेल, तर ते राखीव पॅराशूटचा फास कापते. पण सैल पट्टा कोणतेही यंत्र आवळून देत नाही. तो माणसानेच तपासावा लागतो.

भारतात याचा संबंध कुठे येतो?

भारतात हरियाणातील नारनौल, मध्य प्रदेशातील उज्जैन अशा ठिकाणी स्कायडायव्हिंग होते. हौशी पर्यटक बहुधा ‘टँडेम’ उडी घेतो, म्हणजे प्रशिक्षकाला बांधलेला असतो. पर्यटकाचा हार्नेस खांद्यांवर दोन आणि कमरेजवळ दोन अशा चार ठिकाणी प्रशिक्षकाच्या हार्नेसला जोडला जातो.

पॅराग्लायडिंग हा प्रकार वेगळा असला, तरी हार्नेसचे तत्त्व तेच. कामशेतपासून बीर-बिलिंगपर्यंत मराठी पर्यटकांची गर्दी असते ती तिथेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात डोभी येथे तेलंगणातील एक महिला पर्यटक पॅराग्लायडरवरून पडून मरण पावली. प्राथमिक चौकशीत सुरक्षा पट्टा नीट न तपासल्याची मानवी चूक पुढे आली. पायलट नोंदणीकृत होता, साहित्यही मान्यताप्राप्त होते. कागदावर सगळे ठीक असताना चूक पट्ट्यापाशी झाली होती.

नियम आहेत, मग उणीव कुठे?

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणले. त्यात स्कायडायव्हिंग आणि पॅराग्लायडिंग दोन्ही येतात. नोंदणी, प्रशिक्षण आणि साहित्याचे प्रमाणीकरण आवश्यकच आहे. पण कुलूची घटना दाखवते की परवाना म्हणजे सुरक्षितता नव्हे आणि टलीची घटना दाखवते की किमान नियम पाळणे नेहमी पुरेसे ठरत नाही. राज्यांच्या पर्यटन विभागांनी वर्षातून एकदा कागद तपासण्यापेक्षा उड्डाणस्थळी प्रत्येक उडीपूर्वी दुसऱ्या व्यक्तीने हार्नेस तपासणे सक्तीचे करावे आणि त्याची नोंद ठेवायला लावावी. टँडेम प्रशिक्षकाजवळ हुक नाइफ असण्याची अटही घालावी. यासाठी मोठा खर्च नाही, प्रत्येक उडीमागे दोन मिनिटे जास्त लागतील एवढेच.

पर्यटकानेही रील काढण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. मांडीचे दोन्ही पट्टे आणि छातीचा पट्टा आवळला का? सगळे हुक लागून लॉक झाले का? राखीव पॅराशूट आहे का आणि ते शेवटचे कधी घडी केले? अमेरिकेत स्कायडायव्हिंगचे राखीव पॅराशूट दर १८० दिवसांनी प्रमाणित तंत्रज्ञाकडून पुन्हा घडी करून घ्यावे लागते. पट्टे कोणी तपासले, हे विचारल्यावर ‘काळजी करू नका’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्या दिवशी उडी न घेतलेली बरी.