करवत, बिजागरी आणि इतिहासाने न पाहिलेली चौकट

धागा : यंत्रांच्या इतिहासात आपण शक्ती मोजतो, स्थैर्य मोजत नाही. ही चूक किती महागात पडते, हे बांधकामावरच्या एका साध्या करवतीच्या निमित्ताने.

शालेय पुस्तकातील औद्योगिक क्रांती वाफेपासून सुरू होते. जेम्स वॅट, स्वतंत्र संघनक, मग गिरण्या आणि रेल्वे. या कथेत एक अडचण आहे. वॅटची कल्पना १७६९ साली पेटंटच्या रूपात कागदावर होती. परंतु तिला लागणारा गोल, सरळ सिलिंडर कोणालाही नीट पोखरता येत नव्हता. जॉन स्मीटनच्या पोखरयंत्रात पाते धरणारा दांडा एकाच बाजूने आधारलेला होता. लांब गेला की तो स्वतःच्या वजनाने झुके, आणि छिद्रही त्याच्यामागे वाकडे जाई. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सनने तो दांडा सिलिंडरच्या आरपार नेला आणि त्याच्या दोन्ही टोकांना आधार दिला. एवढेच. पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमध्येही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकी चूक उरली नाही, असे वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने समाधानाने नोंदवले आहे.

म्हणजे वाफेचे युग ज्या क्षणी खरोखर चालू लागले, तो क्षण शक्तीचा नव्हता; दुसऱ्या आधाराचा होता. हा दुसरा आधार लक्षात ठेवावा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याच भोवती फिरते.

खुद्द वॅटचे मत पाठ्यपुस्तकांपेक्षा वेगळे होते. १७८४ साली त्याने दांड्या आणि सांधे यांची एक जुळणी पेटंट केली. तुळईचे टोक कंसात फिरते, दट्ट्या मात्र सरळ रेषेत वरखाली व्हायला हवा. हे काम ती जुळणी सरळ रुळाशिवाय, केवळ सांध्यांच्या भूमितीने करीत असे. रूळ का नको? कारण त्या काळी लांब, सपाट, सरळ धातूचा पृष्ठभाग करणे अतिशय कष्टाचे होते. धातू रंधणारी उपयोगी यंत्रे त्यानंतर तीसेक वर्षांनी आली. उतारवयात वॅटने मुलाला कळवले, की आपल्या कोणत्याही यांत्रिक शोधापेक्षा आपल्याला या जुळणीचा अभिमान अधिक वाटतो. ज्याच्या नावाने शक्तीचे एकक ओळखले जाते, त्या माणसाला अभिमान होता तो सरळ रेषेचा. या विसंगतीकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष देऊ नये, हे नवलच.

आता लाकडाकडे वळू.

पोर्ट्समथच्या नाविक गोदीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जे घडले, ते यंत्राने लाकूड कापण्याच्या इतिहासातील सर्वात बोलके प्रकरण आहे. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका युद्धनौकेला नऊशेहून अधिक लाकडी कप्प्या लागत, आणि त्या हाताने घडवल्या जात. मार्क ब्रुनेलने यंत्रे कल्पिली, हेन्री मॉड्स्लेने ती घडवली, सॅम्युएल बेंथमने गोदीत जागा आणि पाठबळ दिले. पंचेचाळीस यंत्रे, वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या, आणि पूर्वी ११० कुशल कारागीर जे करीत ते आता दहा अकुशल माणसे करू लागली. हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. कमी उद्धृत होते ती गोष्ट अशी : ही यंत्रे धातूच्या चौकटीवर उभी होती. लाकडी चौकट पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, धक्क्याने सैल होते. तिच्यावर बसवलेली करवत आज जिथे कापते तिथे उद्या कापेलच असे नाही. मॉड्स्लेने आपल्या लेथमध्येही हेच केले होते. पूर्वी कारागीर हत्यार हाताने धरून चालवी. त्याने ते धातूच्या सरकत्या पकडीत बसवले.

यातून निष्कर्ष निघतो तो केवळ तांत्रिक नाही. ११० माणसांच्या मनगटांत जे होते ते नाहीसे झाले नाही. ते बिडाच्या चौकटीत गेले. स्थैर्य म्हणजे कारागिराच्या हातातून काढून धातूत गोठवलेले कौशल्य. आणि म्हणून चौकटीचा इतिहास हा श्रमाचाही इतिहास आहे. इंजिनाच्या अश्वशक्तीकडे पाहत राहणाऱ्याला हे स्थलांतर दिसतच नाही.

मायटर सॉ, म्हणजे ठरलेल्या कोनात छेद देणारी करवत, या स्थलांतराचा अगदी शुद्ध नमुना आहे. दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापून जोडल्या की काटकोन होतो. चित्राची चौकट, दाराची चौकट, छताच्या कडेची नक्षीपट्टी, सगळे यावर उभे. काम वरवर सोपे. परंतु चार कोपऱ्यांच्या चौकटीत आठ छेद असतात. प्रत्येक छेद एकाच दिशेने केवळ पाव अंश चुकला, तर तीन कोपरे घट्ट बसवल्यावर चौथ्यात दोन अंशांची फट उरते. पट्टी ७५ मिलिमीटर रुंद असेल तर कोपऱ्यातील छेदरेषा सुमारे १०६ मिलिमीटर भरते, आणि तिच्या टोकाशी ही फट ३.७ मिलिमीटर होते. सुताराच्या भाषेत, एका सुताहून अधिक. गुण्या लावून पाहणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीला एवढी फट लांबूनही दिसते.

हातकरवतीच्या काळात यावर उपाय होता तो लाकडी पेटीचा : दोन उभ्या भिंती, त्यांत कोनात पाडलेल्या खाचा, आणि त्या खाचांतून चालणारी करवत. खाचा झिजत, कोन ढळत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत धातूच्या पेट्या आल्या. बिडाची बैठक, अंशांच्या खुणा असलेला कंस, ठरलेल्या कोनावर अडकणारी खाच. या पेट्यांमध्ये करवतीला पुढे एक आणि मागे एक असे दोन मार्गदर्शक खांब असत. विल्किन्सनचाच दांडा, वेगळ्या वेषात. अशी जुनी पेटी आजही नीट राखलेली असेल तर केसाइतका बारीक कोन धरते.

मग वीज आली, आणि दुसरा आधार गेला.

१९२२ साली न्यू जर्सीत लाकूडकामाच्या गिरणीत काम करणाऱ्या रेमंड डीवॉल्टने मोटर आणि गोल पाते एका आडव्या बाहूवर टांगले. बाहू मागच्या खांबाला धरलेला, पुढचे टोक हवेत. बाहू फिरतो, मोटर तिरकी होते, आणि सगळी जुळणी बाहूवरून पुढे ओढता येते. लवचीकपणाच्या दृष्टीने हे यंत्र थक्क करणारे होते. पण प्रत्येक फिरता सांधा म्हणजे सैलपणाला दिलेले आमंत्रण. आणि एका टोकाला धरलेल्या तुळईचे दुखणे जुनेच. भिंतीतून बाहेर आलेल्या, टोकाला वजन टांगलेल्या तुळईचे चित्र गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथात आहे. त्याला प्रश्न पडला होता तो तुळई कधी मोडेल याचा. ती किती झुकेल याचे गणित पुढच्या शतकात स्पष्ट झाले : टोकाला तेच वजन ठेवून लांबी दुप्पट केली की झोक आठपट.

शिवाय या करवतीत पाते ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने ते ओढले जाते, त्यामुळे दाते लाकूड पकडून कामगाराच्या अंगावर धाव घेऊ शकतात. २००० साली अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने अशा सुमारे ३७ लाख करवतींविषयी परतबोलावणी जाहीर केली, कारण त्यांचे कवच पूर्ण पाते झाकत नव्हते. यंत्राचा इतिहास बोटांनी मोजता येतो, हे वाक्य इथे शब्दशः घ्यावे.

१९६४ च्या सुमारास रॉकवेल या अमेरिकी कंपनीने उलटा मार्ग धरला. बाहूच काढून टाकला. मोटर आणि पाते मागच्या एका बिजागरीवर बसवले. दांडा खाली दाबायचा, छेद झाला की वर सोडायचा. जुन्या पेटीला मोटर लावली, असेच म्हणा. हालचाल एकच राहिली, म्हणून चुकाही कमी राहिल्या. अभियांत्रिकीत त्यागाला क्वचितच श्रेय मिळते. इथे ते द्यायला हवे. मात्र किंमत होती : पाते जेवढे, छेद तेवढाच. रुंद फळी कापणे अशक्य.

ही मर्यादा ओलांडण्यासाठी १९८० च्या दशकात, प्रामुख्याने जपानी कंपन्यांच्या हातून, सरकती मायटर सॉ पसरली. बिजागरी आता दोन दांड्यांवर बसून पुढेमागे सरकू लागली. रुंदी मिळाली आणि गॅलिलिओची तुळई परत आली. दांड्या जितक्या बाहेर, पात्याची डावीउजवी थरथर तितकी अधिक. त्यातच सुताराला हे यंत्र उचलून चौथ्या मजल्यावर न्यायचे होते, म्हणून बिडाच्या जागी ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे ओतकाम आले. ॲल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या साधारण एकतृतीयांश, मॅग्नेशियमची त्याहूनही कमी. वजन घटले, तसा ताठरपणाही घटला.

मागील चाळीस वर्षांतील सुधारणा पाहिल्या तर त्या जवळजवळ सगळ्या हे गेलेले स्थैर्य थोडेथोडे परत मिळवण्याच्या आहेत. दांड्या जाड केल्या, त्यांच्यातील अंतर वाढवले, साध्या बुशांच्या जागी गोळ्यांची बेअरिंगे घातली, बिजागरीची बैठक रुंद केली, ओतकामाच्या पोटाशी फासळ्या दिल्या. यांतील काहीही दुकानाच्या काचेत दिसत नाही. दिसतो तो लेसरचा लाल किरण, आणि जाहिरातही त्याचीच होते. किरण उपयोगी आहे, नाही असे नाही. परंतु तो छेद कुठे पडावा हे दाखवतो, पाते तिथेच पडेल याची हमी देत नाही. बाजाराची नजर आणि पाठ्यपुस्तकाची नजर इथे एकच आहे : चकाकते ते मोजायचे, धरून ठेवते ते गृहीत धरायचे.

२०१० च्या सुमारास बॉश कंपनीने एका करवतीत दांड्याच काढून टाकल्या आणि पाते बिजागऱ्यांच्या रुंद बाहूंवर बसवले. बाहू दुमडतात, उलगडतात. पाते सरळ रेषेत जाते, रूळ कुठेच नाही. वेगवेगळ्या दिशांच्या बिजागऱ्यांतून अचूक सरळ रेषा काढण्याची युक्ती फ्रेंच गणिती पिएर सारुस याने १८५३ साली मांडली होती. ही करवत त्याच कुळातली. वॅटने रूळ टाळला कारण त्याला सरळ रूळ करता येत नव्हता. सव्वादोनशे वर्षांनी, सरळ रूळ हवे तेवढे उपलब्ध असताना, अभियंते पुन्हा बिजागरीकडे आले. कारण रुंद बिजागरी बारीक दांडीपेक्षा पीळ अधिक सोसते आणि सरकत्या पृष्ठभागांसारखा तिच्यात भुसा अडकत नाही. प्रगतीची सरळ रेषा शोधणाऱ्यांची इथे थोडी पंचाईत होते.

यावर आक्षेप ठरलेला आहे : शक्ती नसती तर चौकट काय कामाची? आक्षेप खरा, पण अर्धाच. शक्ती सर्वत्र सारखी असते. तीच मोटर पंख्याला लागते आणि करवतीलाही. करवतीला करवत बनवते ती चौकट. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चौकटीचा इतिहास लिहायचा तर नावे कुठून आणायची? पेटंट मोटरीचे निघते. फासळी दोन मिलिमीटर जाड करणाऱ्या साचेवाल्याचे नाव कागदावर येत नाही. हे मान्य. मग कागदाऐवजी यंत्रच वाचावे लागेल.

उदाहरणादाखल, अशा करवतीच्या गोल बैठकीवरील खाचा पाहाव्यात. शून्य, साडेबावीस, पंचेचाळीस समजण्यासारखे आहेत. मध्येच एक खाच ३१.६ अंशांवर असते आणि तिरपेपणाच्या मापावर ३३.९ ची खूण. हे आकडे आले अमेरिकी घरांतून : भिंत आणि छत यांच्या सांध्यात ३८ आणि ५२ अंशांत बसणारी नक्षीपट्टी आडवी ठेवून काटकोनी कोपऱ्यासाठी कापायची, तर हेच दोन कोन लागतात. पूर्वी हे त्रिकोणमितीचे कोष्टक किंवा वस्तादाची आठवण यांत राहत असे. आता ते खाचेत आहे. महाराष्ट्रात खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापणाऱ्या कारागिराच्या हाती असे यंत्र येते, तेव्हा ती ३१.६ ची खाच त्याच्या अंगठ्याखालून रोज जाते. तिचे त्याला काहीच काम नसते, आणि ती तिथे का आहे हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते.