सेल्फीत चिमणी येऊ द्या!

वीकेंडला लोअर परळच्या फिनिक्सला चाललाय? मग सेल्फीत मागची उंच चिमणी येऊ द्या. ती डेकोरेशन नाही. १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलची आहे. मिलचा भोंगा झाला की इथल्या चाळी जाग्या व्हायच्या. १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हजारोंना काम परत मिळालंच नाही. पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. मॉलला नावं ठेवू नका, आपला कट्टा तिथेच जमतो! पण कामगारांच्या घरांचा प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही, हे विसरू नका. तुमच्या घरातलं कुणी गिरणीत होतं? आजच विचारा. आजोबांना तो भोंगा नक्की आठवत असेल.