खात्याची किल्ली कोणाच्या हातात?

शिरूर-दौंड पट्ट्यातल्या आपल्या तरुणांशी आज अशा विषयावर बोलायचे आहे, ज्याला आपल्या बैठकीत जागाच मिळत नाही. जयंतीची वर्गणी, १ जानेवारीचे नियोजन, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटीची प्रकरणे यांवर आपण तासन्‌तास बोलतो. पण ज्या मोबाईलवरून हे सगळे चालते, त्यातली खाती सुरक्षित आहेत का, असे कोणी विचारले की उत्तर ठरलेले : "आपल्या खात्यात आहे काय चोरण्यासारखे?"

हे उत्तर चुकीचे आहे. खाते चोरणाऱ्याला तुमच्या खिशातले पैसेच हवे असतात असे नाही. त्याला तुमचे नाव हवे असते, आणि तुमच्या नावावर इतरांचा जो विश्वास आहे तो हवा असतो. हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. हा धडा आपल्याच तालुक्यातल्या गावाच्या नावाने देशभर ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात आहे.

कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, वढू बुद्रुक ही शिरूर तालुक्यातली गावे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब ज्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आले, तो भीमा नदीच्या पलीकडे पेरण्यात. त्यानंतर ९१ वर्षांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, त्याच स्तंभाला अभिवादन करायला निघालेल्या आपल्या माणसांवर दगड पडले. तपासाची दिशा मात्र वळली ती कवी, वकील, प्राध्यापक आणि कार्यकर्त्यांकडे. ६ जून २०१८ रोजी सुधीर ढवळे, ॲड. सुरेंद्र गडलिंग, प्रा. शोमा सेन, महेश राऊत आणि रोना विल्सन यांना अटक झाली. पुढे हा आकडा सोळावर गेला. १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन भीमजयंतीला, डॉ. आनंद तेलतुंबडे यांना एनआयएपुढे हजर व्हावे लागले. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच गेले.

या खटल्याचा मोठा आधार कोणता? काँप्युटरमध्ये सापडलेली पत्रे. ती तिथे आली कशी? विल्सन यांच्या हार्ड डिस्कची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. अहवाल सांगतो की १३ जून २०१६ रोजी विल्सन यांना वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून मेल आले. ओळखीचे ज्येष्ठ कवी एक फाईल उघडायला सांगत आहेत, म्हणून विल्सन यांनी ती उघडली. फाईलबरोबर नेटवायर नावाचा प्रोग्राम आत शिरला. त्यानंतर सुमारे २२ महिने कोणीतरी बाहेरून तो लॅपटॉप हाताळत होते आणि ती पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये त्यानेच ठेवली, असा संस्थेचा निष्कर्ष आहे. गडलिंग यांच्या काँप्युटरबद्दलही तिने असेच म्हटले. एनआयएला हे मान्य नाही. हा अहवाल आरोपपत्राचा भाग नाही, असे तिने न्यायालयात सांगितले. पण निकालाआधीच माणसांची वर्षे गेली. विल्सन आणि ढवळे यांना उच्च न्यायालयाने जामीन दिला तो ८ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे साडेसहा वर्षांनी.

जून २०२२ मध्ये 'वायर्ड' या अमेरिकी मासिकाने याहून पुढची गोष्ट छापली. सेंटिनेलवन या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांच्या हवाल्याने त्यात म्हटले होते की राव, विल्सन आणि हनी बाबू यांच्या ईमेल खात्यांत परका रिकव्हरी ईमेल आणि फोन नंबर घातला गेला होता, आणि त्याचा धागा पुणे पोलिसांतल्या एका अधिकाऱ्यापर्यंत जातो. रिकव्हरी नंबर म्हणजे घराची दुसरी किल्ली. तुम्ही पासवर्ड बदललात तरी ज्याचा नंबर तिथे आहे तो पुन्हा आत येऊ शकतो. आणि अटकेच्या आधीचे काही आठवडे खुद्द विल्सन यांच्या खात्यावरून इतरांना फसवे मेल जात होते, असेही त्यात नमूद आहे.

साखळी नीट बघा. आधी एकाचे खाते गेले. त्याच्या नावाने दुसऱ्याला फसवले. मग दुसऱ्याच्या नावाने तिसऱ्याला. हल्लेखोराचे खरे हत्यार कार्यकर्त्यांचा एकमेकांवरचा विश्वास हेच होते. म्हणून माझे म्हणणे असे की तुमचा पासवर्ड ही तुमची खासगी बाब नाही. तो तुमच्या प्रत्येक सहकाऱ्याच्या दाराचा कडी-कोयंडा आहे.

आता काही जण म्हणतील, ही मोठ्या विचारवंतांची गोष्ट झाली, आम्ही तर फक्त गेम खेळतो. मग गेमचेच घेऊ. बीजीएमआय किंवा फ्री फायरचे खाते बहुतेक पोरांनी जीमेल किंवा फेसबुकला जोडलेले असते. "फुकट यूसी", "फुकट डायमंड" अशी लिंक येते. उघडली की हुबेहूब फेसबुकसारखे लॉगिनचे पान दिसते. पासवर्ड टाकला की तो थेट चोराकडे जातो. पोराला वाटते, गेमची आयडी गेली, स्किन गेल्या. पण तोच पासवर्ड जीमेललाही असतो. त्याच जीमेलवर महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, जातीचा दाखला आणि आधारची पीडीएफ असते, मंडळाच्या फेसबुक पेजची आणि यूट्यूब चॅनेलची ॲडमिनगिरी असते. गेमच्या दारातून शिरलेला चोर चळवळीच्या कपाटापर्यंत पोचतो.

यात आपल्या समाजाची म्हणून वेगळी अडचण आहे, ती कोणत्याही सायबर सुरक्षेच्या पुस्तकात लिहिलेली नसते. आपल्यातल्या अनेकांचा पहिला जीमेल मोबाईलच्या दुकानदाराने किंवा ई-सेवा केंद्रातल्या मुलाने काढून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्या वहीत, रिकव्हरी नंबरही कधी त्याचाच. रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा भाऊ रिचार्ज परवडत नाही म्हणून सिम सोडून देतो. तीन महिने न वापरलेला नंबर कंपनी बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. जुना नंबर खात्यात तसाच राहिला असेल, तर तुमचा ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. घरात एकच फोन, तो आई, बहीण, भाऊ सगळे वापरतात. गरिबीमुळे किल्ली दुसऱ्याकडे राहिली, यात त्या पोराचा दोष नाही. पण ती परत मागून घेणे हे आता आपले काम आहे.

खाते गेल्यावर काय होऊ शकते, याचा विचार दौंडच्या तरुणांनी तरी करावा. १ ऑगस्ट २०२५ रोजी दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये समाजमाध्यमावरच्या एका आक्षेपार्ह पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर वापरावा लागला. त्या पोस्टचे काय ते तपास आणि न्यायालय ठरवील. मी बोलतोय ते वेगाबद्दल. पोस्ट पडली की जमाव जमायला फार वेळ लागत नाही, आणि पोस्ट टाकताना फोन कोणाच्या हातात होता हे जमाव विचारत नाही. उद्या तुमच्या चोरलेल्या खात्यावरून महापुरुषांबद्दल किंवा कोणाच्या धर्माबद्दल काही टाकले गेले, तर पहिला दगड तुमच्या वस्तीवर पडेल आणि पहिला गुन्हा तुमच्या नावावर. पहाटे उठून पोलीस भरतीसाठी मैदानावर धावणाऱ्या पोराला चारित्र्य पडताळणीत एक गुन्हा पुरेसा असतो. निर्दोष सुटेपर्यंत वयाची मर्यादा उलटलेली असते.

"सरकारी यंत्रणाच मागे लागली तर पासवर्ड काय करणार?" हा प्रश्न आपले जाणते कार्यकर्तेही विचारतात. पेगाससारखी साधने आहेत, त्यांना लिंक उघडण्याचीही गरज लागत नाही, हे खरे. पण नेटवायर हे काही गुप्त शस्त्र नव्हते. ते इंटरनेटवर उघड विकले जाणारे सॉफ्टवेअर होते. अमेरिकेच्या एफबीआयने मार्च २०२३ मध्ये ते विकणारी वेबसाईट जप्त केली, तोवर कोणीही ते विकत घेऊ शकत होते. अशी सामान्य हत्यारे सवयीने रोखता येतात. दरोडेखोर भिंत फोडू शकतो म्हणून कोणी दाराला कुलूप लावायचे सोडत नाही.

"चुकीचे काही करत नाही, मग लपवायचे कशाला?" हा दुसरा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले की खासगीपणा हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. ज्या समाजाच्या घरात, पाण्यात, लग्नाच्या वरातीत शतकानुशतके इतरांनी डोकावले आणि हुकूम सोडले, त्या समाजाने हा हक्क श्रीमंतांचा म्हणून सोडून देणे म्हणजे मिळालेले संविधान न वापरणे आहे.

म्हणून करायचे काय, ते सरळ सांगतो.

१. आजच गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जा. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल कोणाचा आहे ते बघा, परका असेल तर काढा. कोणकोणत्या फोनवर खाते चालू आहे ते तपासा आणि अनोळखी असेल ते बंद करा. जीमेलच्या सेटिंगमध्ये तुमची पत्रे दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पाठवली जात नाहीत ना, हेही बघा.

२. गूगल, फेसबुक आणि व्हॉट्सॲप तिन्हींना दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. ओटीपी कोणालाही सांगू नका, "साहेब" म्हणून बोलणाऱ्यालाही नाही.

३. गेमसाठी वेगळा जीमेल ठेवा, वेगळा पासवर्ड ठेवा. हॅक केलेली एपीके फाईल टाकू नका. आयडी भाड्याने देणे-घेणे बंद करा.

४. सहकाऱ्याकडून अचानक फाईल किंवा लिंक आली, तर उघडण्याआधी त्याला फोन करा. "दादा, तुम्हीच पाठवली का?" एवढा एक प्रश्न पुरे. यात अविश्वास नाही, ही एकमेकांची राखण आहे.

५. मंडळाच्या पेजला किमान दोन विश्वासू ॲडमिन ठेवा. काम सोडून गेलेल्याचे नाव त्याच दिवशी काढा.

६. खाते गेले तर लाजू नका आणि गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार करा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, स्क्रीनशॉट जपा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. उद्या तुमच्या नावाने काही घडले, तर तारीख असलेली ती पोच तुमच्या बाजूने बोलेल.

हे एकट्यादुकट्याने करून भागणार नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला, तेव्हा 'केसरी'ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. आज आपल्या प्रत्येक वस्तीत एक पेज आहे, एक चॅनेल आहे. बोलण्याचे साधन इतक्या कष्टाने हातात आले आहे, ते एका फुकट डायमंडच्या लिंकवर घालवायचे का? शिरूर आणि दौंडमधल्या प्रत्येक मंडळाने येत्या १ जानेवारीच्या आधी एक रविवार विहारात बसावे. ज्या पोराला मोबाईलचे कळते त्याने ज्यांना कळत नाही त्यांची खाती त्यांच्यासमोर, त्यांच्याच हाताने नीट करून घ्यावीत. आयाबहिणींना आधी बसवावे. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, त्यात हेही शिकणे आले.

जय भीम!