स्कॅन नॉर्मल, मग घेरी कशाची?

दुचाकीवरून पडलेल्याचा सीटी स्कॅन स्वच्छ आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आठवड्याने तो सांगू लागतो की वाचताना डोकं ठणकतं, आकडे ध्यानात राहत नाहीत, मधूनच घेरी येते. त्यावर उत्तर ठरलेलं असतं: "रिपोर्टमध्ये काही नाही, मनाचे खेळ आहेत."

या पूर्वपक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. हाडाची चीर आणि साकळलेलं रक्त सीटी स्कॅन दाखवतो, आणि तातडीने शस्त्रक्रिया हवी का ते त्यावरूनच ठरतं. मात्र पेशींत इंधन नीट जळतंय की नाही, हे त्या काळ्यापांढऱ्या चित्रात उमटतच नाही. जे यंत्राला दिसत नाही ते नाहीच, असं म्हणण्याला शास्त्रीय दृष्टी म्हणत नाहीत.

न दिसणारं काय घडतं? शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जेच्या खर्चात सुमारे 20. धक्क्याने चेतापेशींची आवरणं ताणली जातात. पोटॅशियम बाहेर गळतं, कॅल्शियम आत घुसतं, ग्लुटामेट सांडतं. हा पसारा आवरायला सोडियम-पोटॅशियम पंप (तोही एक विकरच, म्हणजे एन्झाइम) जिवाच्या आकांताने चालतो आणि एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-चलनाचा, साठा उपसतो. मग साखर घाईघाईने फोडली जाते. नेमका त्याच सुमारास रक्तपुरवठा घटतो आणि कॅल्शियमने कोंदलेल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या) मंदावतात. साखरेपासून बनलेलं पायरुव्हेट या भट्टीत सोडणारा नाकेदार म्हणजे पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज हे विकर. इजा झालेल्या प्राण्यांच्या मेंदूत त्याचं काम घटलेलं आढळलं आहे. नाका अडला की पायरुव्हेट आडवाटेला लागतं आणि त्याचं लॅक्टेट होतं. सरळ वाटेने ग्लुकोजच्या एका रेणूमागे 30च्या आसपास एटीपी मिळतात, आडवाटेने अवघे 2. या धावपळीनंतर मेंदूचा साखरेचा वापरच खालावतो, आणि ती मंदी बरेच दिवस टिकते. लॉस एंजेलिसच्या गिझा आणि होव्दा यांनी 2001 मध्ये ही साखळी सविस्तर मांडली. असल्या तुटीत आकडे विसरणाऱ्याला ढोंगी ठरवायचं?

दुसरा पूर्वपक्ष उलट टोकाचा: "दाह झालाय ना, मग दाबून टाका." (यात हळदीच्या दुधापासून स्टेरॉइडपर्यंत सगळे आले.) मुळात सूज आणि दाह यांची आपण गल्लत करतो. सूज म्हणजे साचलेलं पाणी. दाह हे पेशींनी चालवलेलं काम असतं, आणि मेंदूत ते मुख्यतः मायक्रोग्लिया या पेशी करतात. मेलेल्या पेशींचा राडारोडा त्याच उचलतात. स्टेरॉइडने भलं होईल या आशेवर अनेक वर्षं ती दिली गेली. मग ‘क्रॅश’ चाचणीत 10,008 प्रौढ रुग्णांवर पडताळा घेतला गेला. 2004 चा निकाल असा: दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलेल्यांपैकी 21.1 टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी 17.9. हे मृत्यू नेमके कशाने वाढले ते त्या चाचणीने उलगडलं नाही, पण ‘दाबलं की भलं’ हे समीकरण तिथेच कोसळलं.

म्हणून दाह निरुपद्रवी ठरत नाही. चेतलेल्या मायक्रोग्लिया नायट्रिक ऑक्साइड सोडतात, आणि ते तंतुकणिकेतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराचीच वाट अडवतं. म्हणजे विकरांचं रडगाणं आणि दाहाचं रडगाणं वेगळं नाही. एकाने दुसऱ्याला पोसलेलं असतं. पंचनाम्याला आलेल्या पोलिसांनी घरातच मुक्काम ठोकावा, तसंही घडतं. 2011 च्या लंडनमधल्या एका पेट स्कॅन अभ्यासात इजेनंतर 17 वर्षांपर्यंत मायक्रोग्लिया चेतलेल्या असल्याच्या खुणा सापडल्या. प्रश्न दाह हवा की नको असा नसून तो केव्हा ओसरतो हा आहे, आणि सरसकट गोळीने तो सुटणार नाही.

मग करायचं काय? अंधाऱ्या खोलीत महिनाभर कोंडून घेणंही नको. एकदोन दिवस विश्रांती, मग हळूहळू हालचाल, आणि तूट भरेपर्यंत दुसरा मार टाळणं. माझा सगळा भर या शेवटच्या अटीवर आहे. इटलीतल्या संशोधकांनी 2008 मध्ये 13 खेळाडूंच्या मेंदूतलं एनएए हे चेतापेशींच्या ऊर्जेची खूण मानलं जाणारं रसायन एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने मोजलं. अभ्यास लहान, पण बोलका. एकदाच मार बसलेल्यांच्या तक्रारी पंधरवड्यात थांबल्या, रसायन पूर्ववत व्हायला मात्र 30 दिवस लागले. मधल्या काळात दुसऱ्यांदा मार बसलेल्यांना 45.

ही अट क्रिकेटच्या मैदानावर दिसली ती ऑगस्ट 2019 मध्ये, लॉर्ड्सवर. इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू मानेवर बसून ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ 80 वर तंबूत गेला, तपासणीत उत्तीर्ण होऊन परतला आणि 92 वर बाद झाला. दुसऱ्या सकाळी तो जड डोक्याने उठला. मार्नस लाबुशेन त्याच्या जागी उतरला, कसोटीतला पहिला कंकशन (मेंदूला बसलेला धक्का) बदली खेळाडू म्हणून. हेडिंग्लेची पुढची कसोटी स्मिथ खेळलाच नाही.