गुरांचा वैद्य आणि त्याचें ऋण

अमेरिकेंत पशुवैद्य व्हावयाचें म्हणजे शाळा संपल्यावर बहुधा आठ वर्षें अभ्यास करावा लागतो: चार वर्षें सामान्य पदवीचीं व चार पशुवैद्यकाचीं. हा खर्च तेथें बापाच्या वा चुलत्याच्या पुंजींतून क्वचितच निघतो. विद्यार्थी स्वतःच्या नांवावर कर्ज काढतो, आणि पदवी हातीं पडते तेव्हां पुष्कळांच्या डोक्यावर एक लाख डॉलरांहून अधिक ऋण असतें. आपल्याकडे एका मुलाचें शिक्षण सबंध घर उचलतें व पुढें तो मुलगाहि घराचा भार उचलतो. तेथें हा हिशेब सावकार व ऋणको या दोघांतच राहतो.

असा तरुण कोठें जाईल हें सांगावयास ज्योतिषी नको. शहरांत कुत्रीं-मांजरें पाळणारीं सुखवस्तु कुटुंबें आहेत. दवाखाना ठरल्या वेळीं बंद होतो, मिळकतहि बरी. खेड्यांत अडलेली गाय मध्यरात्रीं सोडवावयाची, आणि गोठा मैलोगणती दूर. पण वैद्य नसला म्हणजे एकट्या शेतकऱ्याचेंच नुकसान होतें असें नव्हे. दुधामांसावाटें माणसांत येणारा रोग ज्याच्या नजरेस प्रथम पडावा, तो पहारेकरीच तेथें नसतो.

यावर अमेरिकन काँग्रेसनें २००३ सालीं कायदा केला. पहिली मदत मात्र २०१० सालीं मिळाली! सरकारी कामाची चाल सर्व खंडांत सारखीच दिसते. प्रत्येक राज्याचा पशुआरोग्य अधिकारी उणीव असलेले प्रदेश सुचवितो, कृषिखातें त्यांची छाननी करून यादी काढतें. तेथें तीन वर्षें सेवा करण्याचा करार जो करील, त्याच्या कर्जापैकीं वर्षास २५,००० डॉलरपर्यंत रक्कम फेडण्याची मर्यादा आरंभीं ठेविली होती. पैसा वैद्याच्या हातीं न पडतां थेट सावकाराकडे जातो, ही तरतूद आम्हांस विशेष शहाणपणाची वाटते. करार मधेंच मोडणारास दंड आहे.

गंमत पुढेंच आहे. ही मदत कायद्यानें उत्पन्न ठरते, म्हणून तिच्यावर प्राप्तीकर! तो कर कृषिखात्यानेंच भरावयाचा. आरंभीं त्याचें प्रमाण मदतीच्या ३९ टक्के होतें. म्हणजे सरकारच्या एका खिशांतून दुसऱ्या खिशांत पैसा जावयाचा, आणि तितक्या वैद्यांची जागा मात्र कमी व्हावयाची. हा कर उठवावा म्हणून काँग्रेसपुढें एकाहून अधिक वेळां विधेयकें आलीं.

तीन वर्षें सरल्यावर हा वैद्य गांवांत राहील काय, हा खरा प्रश्न. कर्ज शिल्लक असल्यास पुन्हां अर्ज करण्याची मुभा आहे. परंतु तोंवर त्याचें लग्न झालेलें असावयाचें, आणि पत्नीस त्या गांवीं काम मिळतें कीं नाहीं, मुलांस शाळा कशी आहे, याचा विचार करारांत कोठेंच नाहीं.