‘कोणाला भेटायचे?’ : मुंबईतल्या आडबाजूच्या संग्रहालयांसाठी मागणीपत्र

प्रति,
शहराची महापालिका, राज्याचे पर्यटन खाते, आणि ज्यांच्या आवारात एखादे संग्रहालय नांदते आहे अशा सर्व संस्थांचे विश्वस्त व व्यवस्थापक यांस, सविनय.

महिन्यातला एक सुट्टीचा दिवस मुंबईतली छोटी संग्रहालये आणि कलादालने पाहण्यात घालवणारी आम्ही माणसे. आमच्यात शिक्षक आहेत, निवृत्त बँकवाले आहेत, मुलांना मॉलखेरीज कुठे न्यावे या विवंचनेतले आईबापही आहेत. नवे संग्रहालय बांधा, असे आमचे म्हणणे नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण मागणीपत्र म्हटले की समोरचा निधीच्या तरतुदीचा कागद काढतो. आहेत तीच पुष्कळ आहेत. ती सापडत नाहीत, आणि सापडली तरी आत शिरता येत नाही.

याचे कारण आमच्या मते एकच. यांतली बरीचशी संग्रहालये पोटभाडेकरूसारखी दुसऱ्याच्या घरात राहतात. बेस्टचे संग्रहालय आणिक आगारात. फादर हेरास यांनी १९२६ साली उभ्या केलेल्या संशोधन संस्थेचा संग्रह धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात. पारशांचे आल्पाईवाला संग्रहालय खरेघाट कॉलनीत, तर सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय पेडर रोडला पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते ते आगार, कॉलेज, कॉलनी, सरकारी कचेरी. तिथे आपल्याला बोलावलेले आहे, हे त्याला कळणार कसे?

आमचाच एक अनुभव सांगतो. जागेचे नाव घेत नाही, कारण राग कोणा एकावर नाही. शाळेतली पंधरा-वीस मुले घेऊन एका संस्थेच्या फाटकावर गेलो. रखवालदाराने नोंदवही पुढे सरकवली. नाव, गाव, फोन, येण्याची वेळ, आणि ‘कोणाला भेटायचे?’ हा रकाना. आम्ही अडलो. एका मुलीने पेन घेतले आणि तिथे ‘नाणी’ असे लिहिले. रखवालदाराने ते वाचून, नाणी मॅडम कोणत्या डिपार्टमेंटला, असे विचारले. त्यानंतर आतल्या फोनची घंटा बराच वेळ वाजत राहिली. मुलांनी फुटपाथवर डबे उघडले. शेवटी आतून एक बाई चाव्यांचा जुडगा घेऊन, जेवणावरून उठून आल्या. दालनातले दिवे-पंखे लावत त्या पुढे आणि आम्ही मागे. पुढचा दीड तास त्यांनी जे सांगितले, ते मुले अजून सांगतात. माणसे चांगलीच आहेत. त्यांच्या आणि आमच्या मध्ये तो रकाना आहे.

म्हणून पहिली मागणी फाटकाची. आत संग्रहालय असल्याची पाटी बाहेर, रस्त्याकडे तोंड करून, मराठीत लावा. जवळच्या बसथांब्यावर आणि स्टेशनच्या जिन्यापाशी बाण दाखवा. पाहुण्यांसाठी वही वेगळी ठेवा. आणि फाटकावरच्या माणसाला एकदा आत नेऊन सगळे संग्रहालय दाखवा. याला खर्च फारसा नाही, तरी हीच मागणी सर्वांत अवघड जाईल, अशी आम्हाला भीती आहे.

दुसरी वेळेची. काही ठिकाणी घरमालक संस्था कचेरीच्या वेळेत चालते, म्हणून संग्रहालयही सोमवार ते शुक्रवार, आणि मधे जेवणाची सुट्टी. ज्यांना नोकरी आहे त्यांनी पाहायचे कधी? अशा ठिकाणी महिन्यातले निदान दोन रविवार दार उघडे ठेवावे. त्यासाठी कर्मचाऱ्यांना जादा भत्ता द्यावा लागेल हे आम्ही जाणतो. तिकीट दहा-वीस रुपयांनी वाढवा, आम्ही कुरकुरणार नाही. जागतिक संग्रहालय दिन १८ मेला असतो आणि त्या सुमारास कुठे कुठे कार्यक्रमही होतात. पण तेव्हा मुंबईतली निम्मी मुले गावाला आंबे खात असतात. तेच कार्यक्रम जुलैतल्या एखाद्या पावसाळी रविवारी ठेवून पाहा.

बंद ठेवून काय दडवतो आहोत, हेही पाहावे. या शहरात १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ला विजेची. ३१ मार्च १९६४च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. बेस्टचे संग्रहालय म्हणजे हा सगळा प्रवास. फोनवर तिकीट काढणाऱ्या मुलाला कंडक्टरच्या पंचाची टिकटिक म्हणजे काय, हे पुस्तकातून सांगता येत नाही.

राणीबागेची गोष्ट तर हाताशी असून हुकलेली. पेंग्विन पाहायला लोटणारी गर्दी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारून जाते. १८७२ साली लोकांसाठी उघडलेली ही वास्तू. तिच्या बागेत दगडी हत्ती उभा आहे, आणि त्याच्यावरूनच घारापुरीला एलिफंटा हे नाव पडले. १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो फुटला, आणि तुकडे जोडून पुन्हा उभा केलेला हत्ती भायखळ्यालाच राहिला. पेंग्विनसाठी ताटकळलेल्या पोराला ही गोष्ट नको असेल, असे आम्हाला वाटत नाही. राणीबागेच्या तिकीट खिडकीवर संग्रहालयाचेही तिकीट द्यावे आणि हत्तीपाशी ही हकिकत मोठ्या अक्षरांत, पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावी.

कलादालनांची तऱ्हा वेगळी. जहांगीर कलादालनाच्या पायऱ्या चढताना कोणी दचकत नाही, कारण दार रस्त्यावर आणि उघडे. फोर्ट-कुलाब्यातली कितीतरी खासगी दालने मात्र जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या दारामागे असतात. प्रवेश फुकट असतो, पण घंटी वाजवायला हात धजत नाही. आमच्यातले एक गृहस्थ दोनदा जिन्यावरून परत आले आणि वर, लिफ्ट बंद होती, असे सांगत राहिले. या दालनांवर कोणाची सक्ती चालत नाही, म्हणून ही मागणी नव्हे, विनंती आहे. तळमजल्यावर एवढेच लिहावे : ‘चित्रे पाहायला पैसे पडत नाहीत. विकत घेतलेच पाहिजे असे नाही. घंटी वाजवा.’

वस्तूंखालच्या चिठ्ठ्या मराठीत असाव्यात, हे वेगळे सांगायला लागू नये.

सर्व ठिकाणांची यादी आम्ही स्वतः करून देऊ. प्रत्येक जागी पायी जाऊन, उघडे आहे की बंद ते डोळ्यांनी पाहून. महापालिकेने ती छापावी आणि शाळांना, वाचनालयांना पाठवावी.

पुढच्या महिन्यात आम्ही त्याच फाटकावर, त्याच मुलांना घेऊन पुन्हा जाणार आहोत. सकाळी साडेदहाला पोहोचू. चाव्या त्या दिवशी कोणाकडे असतील, तेवढे आधी कळवावे.

आपले,
संग्रहालये पाहत हिंडणारे मुंबईकर